दात येईपर्यंत

माझ्या पोराचे कपडे त्यांनी भरल्या शाळेत उतरवले.

आधी सदरा. मग चड्डी. चड्डीची नाडी सुटेना, तर शिपायानं ओढून तोडली. नामा चार वर्षांचा होता. त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि माझ्याकडे बघितलं. मी बारा बायांच्या रांगेत मांडीवर पाटी घेऊन बसले होते. जागची हलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मला शूर म्हणतात. त्या घटकेला मी शूर नव्हते.

"हात खाली," मोठ्या बाई म्हणाल्या आणि छडीनं त्याचे हात बाजूला केले.

मोठ्या बाई जिल्ह्याहून जीपमधून यायच्या. लहान पोरं का खुरटतात आणि ती खुरटू नयेत म्हणून गावातल्या बायांनी काय करायचं, हे शिकवायला. चौलजवळच्या आमच्या गावातच, शाळेत, पंधरा दिवसांचं शिबीर लागलं होतं. शिकून झालं की प्रत्येकीला औषधाची एक पेटी मिळणार होती आणि आपल्या वस्तीतल्या पोरांची देखरेख तिच्याकडे येणार होती. त्या दिवशी बाईंना दाखवायला एक खुरटलेलं पोर हवं होतं. शिपाई सकाळी आमच्या वस्तीत गेला आणि माझंच उचलून घेऊन आला. निवडायला त्याला फार वेळ लागला नसेल.

नामाला शाळेच्या लाकडी खांबाला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर पाटी ठेवून कोळशानं रेघ मारली. मग खांबाच्या दुसऱ्या बाजूला श्रीला उभं केलं. श्री म्हणजे आमच्या तात्यांचा नातू. तात्या बागाईतदार, गावचे सरपंच, शिबिराला जागा त्यांच्या शब्दानं मिळालेली. ते समोर खुर्चीत बसले होते. श्रीच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्याचा कुणी उतरवला नाही.

"दोघं एकाच श्रावणातले," बाई म्हणाल्या. "बघा."

दोन रेघांत जवळजवळ वीतभर अंतर होतं.

मग बाईंनी नामाच्या बरगड्यांवर छडी टेकवली. "मोजा." बाया मोजायला लागल्या. मोठ्यानं. एक, दोन, तीन. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशा. माझ्या शेजारची, माझ्याबरोबर मिठागरात राबलेली, तीही मोजत होती. पोटावर छडी आली. गुडघ्यांवर आली. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. नामाला कळेना आपण काय केलं. त्याला वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय, म्हणून तोही थोडा हसला. ते हसू माझ्या काळजात अजून रुतलेलं आहे.

"ह्याची आई कोण?"

मी उभी राहिले.

"तू? शिकायला आलेली?" बाई तात्यांकडे बघून हसल्या. "मग तूच सांग. काय चुकलं तुझं?"

बाईंनी बाकीच्यांना विचारलं. बायांना पेटी हवी होती, बाईंची शाबासकी हवी होती. एक म्हणाली, "तिना पोराला पेजंवर वाढवला." दुसरी म्हणाली, "अंगावर पाजलाच न्हाय नीट." तिसरी म्हणाली, "आयसच आळशी." बाई प्रत्येकीला म्हणत होत्या, "बरोबर."

बरोबरच होतं. पाजलं नव्हतं. का, ते मला माहीत होतं. पण ते बोलायचं नाही अशी शपथ माझ्या गळ्यात अडकली होती. नामाच्या जिवाची.

त्यासाठी चार वर्षं मागं जायला हवं.

तेव्हा माझा नवरा तात्यांच्या वाडीत रहाटावर होता. नारळी-पोफळीला पाणी द्यायचं, दिवसभर रेड्यामागं गोल फिरायचं. आमची झोपडी वाडीच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, खाऱ्या खाजणाच्या बांधावर. जागा तात्यांची. आम्ही आगरी. वाडीत कामाला चालायचो, पडवीच्या आत चालत नव्हतो.

नामा झाला आणि बारा दिवसांनी तात्यांच्या थोरल्या सुनेला श्री झाला. दहा दिवसांत ते पोर वाळून गेलं. सुनेला दूधच नाही. गाईचं दूध पोटात ठरेना. तात्यांनी रहाट थांबवला आणि नवऱ्याला विचारलं, "तुझी बायको दुभती आहे ना? उद्यापासून पाठव."

दुभती. गोठ्यातल्या जनावराला म्हणतात तसं. नवरा "व्हय" म्हणून घरी आला. मला कुणी विचारलं नाही.

मागच्या दारी एक पाथर होता. त्याच्यावर बसायचं. तात्यांची बायको, थोरल्या बाई, लांबून पाणी ओतायच्या. मग ओलं टाकून वाडीतलंच लुगडं नेसायचं, वळचणीला टांगून ठेवलेलं. पडवीच्या कोपऱ्यात बसलं की माझ्या डोक्यावरून गळ्यापर्यंत पासोडी टाकायच्या. पोरानं माझं तोंड बघू नये म्हणून. "तोंड ओळखीचं झालं तर उद्या चारचौघांत हिच्याकडे झेपावेल," थोरल्या बाई म्हणायच्या. मग पासोडीखालून एक हात श्रीला माझ्या मांडीवर सरकवायचा. मला त्याचं तोंड दिसायचं नाही. त्याला माझं दिसायचं नाही. फक्त दूध चालायचं.

मिठागरातल्या बाईचं दूध ह्यांच्या पोराला कसं चाललं? मलाही तेच वाटायचं. एकदा त्यांच्या शेजारणीनं हळूच विचारलं तेव्हा थोरल्या बाई म्हणाल्या, "दात येईपर्यंत पोराला विटाळ नसतो. दात आला की मग सगळं लागतं." म्हणजे तेवढे महिने मी चालणार होते.

सकाळी गेलं की पहिलं काम ठरलेलं. थोरल्या बाई कापडावरून छाती दाबून बघायच्या. भरलेली आहे का. हलकी लागली तर समजायचं, ही घरी पाजून आली. मग माडाच्या झावळीच्या हिरांची जुडी पोटऱ्यांवर. तिच्यानं रक्त येत नाही फारसं. वळ उठतात आणि घरी जाताना खाजणाच्या खाऱ्या पाण्यात पाय पडला की आग होते.

उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मला वाडीत डांबायचे. नामा सासूजवळ. ती त्याला भाताची पेज बोटानं चाटवायची. पोर रडरड रडायचं. एक दिवस तिला सहन झालं नाही, ती त्याला घेऊन गडग्याशी आली. नामाचा आवाज माझ्या कानावर पडला आणि पासोडीखाली दोन्हीकडून धारा सुटल्या. माझ्या हातात नव्हतं ते. बाईच्या अंगाला पोराचा आवाज कळतो. नामा तिकडे ओरडत होता आणि इकडे श्री गटागट पीत होता.

थोरल्या बाईंनी ते बघितलं. डोकं फार तल्लख त्यांचं. त्या गडग्याशी गेल्या आणि सासूला म्हणाल्या, "रोज आणत जा गो त्याला. इथंच सावलीत बसत जा." सासूला वाटलं, बाईला दया आली. ती रोज येऊन बसायला लागली. नामा झोपला असेल तर थोरल्या बाई पलीकडून सांगायच्या, "जरा उठव त्याला."

माझ्या पोराला रडवून माझं दूध काढलं त्यांनी. महिनोन्महिने.

एकदा मी उठले. पासोडी फेकली, गडग्यावरून उडी मारली, नामाला ओढून छातीला लावला. चार घोटसुद्धा गेले नसतील. तात्यांनी मला हात लावला नाही. बाईमाणसाला कशाला मारतील, मोठे लोक ते. त्यांनी माझ्या नवऱ्याला रहाटाच्या खांबाला बांधलं आणि रेड्याच्या आसुडानं फोडला. पाठीचं कातडं निघालं. संध्याकाळी नवऱ्यानं घरी येऊन मला लाकडानं मारलं. "तुज्यापायी मना मार," म्हणत होता आणि मारत होता.

आणि मी काय केलं? नामा माझी रिकामी छाती ओढत होता, येत काही नव्हतं, तो हिरड्यांनी चावत होता. मी त्याच्या तोंडावर मारलं. तीन महिन्यांच्या पोराच्या तोंडावर. वरून खाली उतरत आलेला मार शेवटी त्याच्यावर येऊन थांबला. त्याच्या खाली कुणी नव्हतं.

श्रीला आठव्या महिन्यात दात आला. तो थोरल्या बाईंच्या आधी मला कळला. पितापिता त्याने कचकन चावलं, मांसात रुतलं. मी ओरडले. बाईंनी पोर ओढून घेतलं तर त्याच्या ओठांवर रक्त. त्यांना वाटलं त्याचंच. पुसून बघितलं, तोंडात बोट घातलं, आणि मग माझ्या कानशिलात मारली. "आमच्या पोराच्या पोटात हिचं रक्त गेलं!"

आठ महिने दूध गेलं त्याचं काही नव्हतं.

त्याच दुपारी मला काढलं. जाण्याआधी नामाला आणायला लावलं. त्याच्या डोक्यावर नारळ ठेवला, नारळावर माझा हात ठेवला. "श्री गाईच्या दुधावर वाढला. दुसरं कुणाला बोललीस तर ह्याच पोराला देवी नेईल." मी शपथ घेतली. मग ते वळचणीचं लुगडं माझ्या अंगावर टाकलं. ते आता वाडीत ठेवायच्या लायकीचं नव्हतं.

नामाला आता दूध होतं, पण पोट बिघडून गेलेलं. हगवण थांबेना. हातापायाच्या काड्या आणि पोट पुढे. चालायला लागला तो दोन वर्षं उलटल्यावर. मी त्याची दृष्ट काढली, देवीला कोंबडं दिलं, गळ्यात ताईत बांधला. आपल्याच नशिबाला शिव्या दिल्या. वाडीचा आणि त्याच्या काड्यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. खरंच नव्हता आला. मार खाल्लेलं माणूस मार विसरत नाही, पण त्याचा हिशेब लावायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून शिबिरात नाव दिलं. ब्लॉकची ग्रामसेविका लिहिता-वाचता येणारी बाई शोधत वस्तीत आली, मी दुसरीपर्यंत गेले होते. मला पेटीचं आकर्षण नव्हतं. माझं पोर वाढत का नाही, एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं.

चौथ्या दिवशी उत्तर मिळालं. मोठ्या बाई फळ्याशी उभं राहून म्हणाल्या, "पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. पेजेचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. पहिल्या दोन वर्षांत जी उंची जाते ती परत येत नाही." पुढे म्हणाल्या, "बाळंतिणीला उपाशी ठेवू नका, तिचं दूध आटतं. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका, पोराला लगेच छातीला लावा, चोखल्यानंच दूध येतं."

बाकीच्या बाया पाटीवर उतरवून घेत होत्या. माझी पेन्सिल थांबली. मला तात्यांच्या घरातली, पडवीत बसून ऐकलेली बाळंतिणीची अंधारी खोली आठवली. दहा दिवस सुनेला विटाळ. तिला कुणी शिवायचं नाही. मऊ भाताचं पाणी तेवढं दाराशी सरकवायचं. चीक वाईट म्हणून भिंतीवर पिळायचा, पोर बाहेर थोरल्या बाईंजवळ. मग कुठून येणार तिला दूध? त्यांच्या सोवळ्यानं त्यांच्या सुनेचं दूध आटवलं. आणि मग ते माझ्या अंगातून ओढून घेतलं. नशीब नव्हतं, दृष्ट नव्हती. सगळं माणसांनी केलं होतं आणि मला ती माणसं माहीत होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. पण बोललेही नाही. शपथ होती.

बाराव्या दिवशी सकाळी, शाळेत यायला निघाले तेव्हा माझी धाकटी जाऊ हिरा दाराशी उभी होती. तिच्या कडेवर दोन महिन्यांची पोर. हिरानं डोकं न्हालेलं, केस ओले. मी विचारलं, "कुठं गो?"

"वाडीत बोलावलंय, बाय. धाकट्या सुनेला पोर झाला. चार दिस झाले, दूद न्हाय म्हनतात."

मी तिच्या पोरीकडे बघितलं. गुटगुटीत होती. मनगटाला वळ्या होत्या. नामाच्या मनगटाला कधी आल्या नव्हत्या. मला म्हणायचं होतं, जाऊ नको. नवरा मागं उभा होता. मी काही न बोलता शाळेत गेले, आणि तासाभरानं शिपाई माझ्या नामाला बखोटीला धरून घेऊन आला.

आता पुन्हा त्या खांबाशी येते.

"मुकी आहेस का?" मोठ्या बाईंनी छडी माझ्या खांद्यावर मारली. "तुझ्या चुकीनं पोर खुरटलं. कबूल कर. सगळ्यांना धडा मिळेल."

मी रांगेतून बाहेर आले. नामाजवळ गेले. नारळ ठेवला होता त्याच जागी, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. देवी नेईल. नेईल का? आणि नेऊन काय नेईल, बाकी काय ठेवलंय ह्यांनी? ह्या पोराच्या जिवाची भीती घालून मला गप्प बसवलं, आणि आता मी गप्प आहे म्हणून हिराच्या पोरीची मनगटं जाणार होती.

मी तात्यांकडे बोट केलं. बोलले ते शब्द माझ्या ध्यानात आहेत.

"ह्यांच्या नातवाला मी पाजलाय. आठ म्हयने. माजा पोर गडग्याभायेर रडत ठेवून. त्या खांबावर दोन रेगा हायत त्या दोनी माज्याच दुदाच्या हायत. एकाला मिळाला, एकाला न्हाय."

मघाशी मोजणाऱ्या बायांची तोंडं तात्यांकडे वळली.

"खोटं," तात्या म्हणाले. बसूनच. आवाजही चढवला नाही. "पोर गाईच्या दुधावर वाढलं. ह्या लोकांना काय, बोलायला जीभ दिली की झालं."

"सरपंचांबद्दल असं बोलतेस?" मोठ्या बाई म्हणाल्या. "काय पुरावा आहे?"

पुरावा. माझ्या चोळीत होता. श्रीच्या पहिल्या दाताचा व्रण, अजून आहे.

"माज्या पोराची कापडं तुमी उतरवलाव," मी म्हटलं. "माजी मी उतरवतंय." आणि चोळीच्या गाठीला हात घातला.

तेव्हा तात्या उठले. इतकी वर्षं बाईमाणसाला हात लावला नव्हता, तो त्या दिवशी लावला. मोठ्या बाईंच्या हातातली छडी हिसकून घेतली आणि माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला. मी गाठ सोडत राहिले. दुसरी मारली ती बोटांवर, तिसरी कानावर. मी पडले तेव्हा पोटात लाथ घातली. छडी मोडली, तर मोडक्या तुकड्यानं मारलं. नामा उघडाच किंचाळत होता. शेवटी शिपायानं तात्यांना धरलं आणि म्हणाला, "तात्या, पुरे, मरंल." पुरे म्हणाला. चुकीचं आहे असं नाही म्हणाला.

पण गाठ सुटली होती. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. श्री भिंतीला चिकटून रडत होता. त्याच्यावर माझा राग नव्हता असं लोक माझ्याकडून ऐकू इच्छितात. होता. थोडा होता. खोटं कशाला बोलू.

मोठ्या बाईंनी वही काढली, पेन उघडलं आणि माझं नाव खोडलं. "शिस्त नसलेली बाई ह्या कामाला चालत नाही," म्हणाल्या. शिकवलं ते सगळं खरं होतं त्या बाईंनी. त्यांच्या शिकवण्यावर मी आजही बोट ठेवणार नाही. पण खरी गोष्ट समोर रक्त गाळत पडली तेव्हा त्यांनी वही मिटली.

घरी आले तर तात्यांचा निरोप माझ्याआधी पोचलेला. नवऱ्याचं रहाटावरचं काम गेलं होतं. त्याने चुलीतलं लाकूड उचललं. मी त्याचं मनगट धरलं आणि ते लाकूड काढून घेऊन त्याच्याच गुडघ्यावर घातलं. तो खाली बसला. "आता पुरं," मी म्हटलं. "तुला आसुड मारला तो तिकडं हाय. हिंमत असंल तर तिकडं जा." तो गेला नाही. पण पुन्हा माझ्यावर हातही उचलला नाही.

सकाळी मी नामाला हलवून उठवला. पहिल्यांदा उठेना. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "आये, भाकर." देवीनं नेलं नव्हतं. शपथ खोटी होती. ती देवीची कधी नव्हतीच, थोरल्या बाईंची होती.

ऊन चढायच्या आत वाडीचे गडी आले, जागा तात्यांची म्हणून. कुडाच्या भिंती पाडल्या, पेंढा ओढून काढला, मडकी फोडली. सासू माझ्या नावानं बोटं मोडत होती. तिच्या मांडीवर हिराची पोर होती, घसा बसेपर्यंत रडत. हिरा कालपासून वाडीत होती आणि सासूला निरोप आला होता, पोरीला गडग्याशी घेऊन ये.

पडक्या झोपडीतून मी कोयता काढला.

वाडीच्या मागच्या फाटकाला आतून सुंभ बांधलेलं होतं. दोन घावांत तोडलं. पाथरावर बसले नाही. पाणी घेतलं नाही. कालच्या रक्तानं कडक झालेल्या लुगड्यानं पडवीत गेले. कोपऱ्यात कुणीतरी पासोडीखाली बसलं होतं. मी पासोडी ओढून काढली. आतून हिराचं तोंड निघालं, घामानं भिजलेलं.

"ऊठ."

"बाय, मना मारतील."

"मारतील. काल मना मारला. मी मेली न्हाय."

थोरल्या बाई धावत आल्या. कोयता बघून लांबच थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यापासून विटाळानं नाही, भीतीनं लांब उभ्या होत्या, आणि मला ते आवडलं. हिरानं मांडीवरचं पोर खाली चटईवर ठेवलं आणि उठली. ते पोर रडायला लागलं.

"मरेल ते!" थोरल्या बाई ओरडल्या. "पाप लागेल तुम्हाला!"

"त्याची आयस कुठं हाय?" मी विचारलं. "त्या अंधाऱ्या खोलीत ना? पोर नेऊन तिच्या छातीला लावा. तिला भाताचं पानी न्हाय, पोटभर जेवन द्या. भाकर द्या, मासली न्हाय खात तर डाळ द्या, तूप द्या. दर घटकेला चोखू द्या. दूद येतं. तुमच्या सुनांना दूद हाय. तुमीच आटवताव."

"तू मला शिकवणार?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटलं.

तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला. धाकट्या सुनेचा, मी तो कधी ऐकला नव्हता. बारीक, पण स्पष्ट. "आई, मला जेवायला द्या. आणि माझा मुलगा इकडे आणा."

थोरल्या बाईंनी काय केलं ते बघायला मी थांबले नाही. ते पोर जगलं एवढं मला माहीत आहे. आपल्या आईच्या दुधावर जगलं. वाडीतून कुणी मला बरं म्हटलं नाही, मी वाटही बघितली नाही. पोलीस पाटील मात्र आला. कोयता घेऊन घरात घुसली म्हणून मला चार दिवस चावडीवर बसवलं. शाळेत मला फोडलं त्याची कुठंच नोंद झाली नाही.

आम्ही बांधाच्या पार टोकाला, कुणाच्या नावावर नसलेल्या चिखलावर नवी झोपडी घातली. नवरा मिठागरात लागला. माझ्याशी तो वर्षभर बोलला नाही. औषधाची पेटी माझ्या शेजारच्या बाईला मिळाली, बरगड्या मोजत होती तिला. पहिल्याच आठवड्यात ती पेटी घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मना काय समजत न्हाय गो यातला. तू सांग, मी करतंय." मी तिला लगेच माफ केलं नाही. पण काम सुरू केलं. ते काम अजून चाललंय. ओल्या बाळंतिणीच्या घरी मी पहिल्या दिवशी जाते. चीक टाकू देत नाही. सासवांशी भांडते. एकीनं माझ्या अंगावर गरम पाणी फेकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिच्या दारात होते.

झोपडी पाडली तेव्हा दाराची लाकडी चौकट तेवढी शाबूत राहिली होती. ती नव्या घराला लावली. वस्तीतलं प्रत्येक पोर दर होळीला आणि दर नारळी पौर्णिमेला तिच्याशी उभं राहतं. अंगावरचे कपडे मी कुणाचे काढत नाही. कोळशानं रेघ मारते. हिराच्या पोरीच्या रेघा माझ्या डोक्याच्याही वर गेल्या आहेत.

नामाच्याही आहेत. आता तो बाप्या झाला, मिसरूड फुटलं, पण त्याची शेवटची रेघ हिराच्या पोरीच्या खाली आहे. ती वर जाणार नाही. गेलेली उंची परत येत नाही हे मी शिबिरातच शिकले. सासू म्हणते, पुसून टाक, पोराला वाईट वाटतं. नामाला मी विचारलं. तो म्हणाला, "राहू दे आये. लोकांना दिसू दे."

त्या रेघेच्या खाली मी एक खिळा ठोकला आहे. खिळ्याला कोयता टांगलेला असतो. ह्या वस्तीतल्या पाजत्या बाईला कुठल्याही वाडीतून बोलावणं आलं, तर ते आणणाऱ्यानं आधी माझ्या दाराशी उभं राहायचं. मी त्याला ती रेघ दाखवते. मग कोयता काढते.